प्राथमिक विघटन, मॉड्यूलांचे

प्राथमिक विघटन, मॉड्यूलांचे : क्रमनिरपेक्ष वलयावरील मॉड्यूलाचा एखादा उपमॉड्यूल हा प्राथमिक नावाच्या अधिक साध्या उपमॉड्यूलांच्या सांत छेदाच्या रूपात मांडणे, याला त्या उपमॉड्यूलाचे प्राथमिक विघटन म्हणतात. पूर्णांकाचे अविभाज्य संख्यांच्या घातांत अवयव पाडण्याच्या परिचित क्रियेचेच हे व्यापक रूप होय. अंकगणित, बैजिक भूमिती आणि रेषीय बीजगणित या तीन शाखांतील वरवर भिन्न दिसणारे अनेक सिद्धांत या एकाच प्रमेयाच्या कक्षेत येतात.

ज्या संचातील घटकांची बेरीज, वजाबाकी व गुणाकार नेहमीच्या नियमांनुसार करता येतात, पण भागाकार नेहमीच करता येईल असे नाही, त्या संचाला वलय म्हणतात. गुणाकारात घटकांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नसल्यास वलय क्रमनिरपेक्ष असते. या लेखातील सर्व वलये क्रमनिरपेक्ष व एक हा घटक असलेली आहेत. पूर्णांकांचा संच आणि एका किंवा अनेक चलांतील बहुपदींचा संच ही अशा वलयांची प्रमुख उदाहरणे होत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ३६० = ८ × ९ × ५ असे अवयव पाडले असता प्रत्येक अवयव एकेका अविभाज्य संख्येचा घात असतो व अवयवांचा क्रम सोडल्यास ही मांडणी एकमेव असते. अंकगणिताचा हा पाया इतर वलयांत टिकतोच असे नाही. पूर्णांकांत उणे पाचचे वर्गमूळ मिळवून बनणाऱ्या वलयात ६ ही संख्या २ × ३ अशी मांडता येते, त्याचप्रमाणे (१ + √−५) × (१ − √−५) अशीही मांडता येते. आणि या चारही अवयवांचे आणखी अवयव पडत नाहीत. अवयवांची एकमेवता अशा रीतीने नष्ट झाल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील संख्या सिद्धांतापुढे मोठी अडचण उभी राहिली. ती दूर करण्यासाठी एर्न्स्ट कुमर (१८१०–९३) यांनी ‘आदर्श संख्यां’ची कल्पना मांडली. रिखार्ट डेडेकिंट (१८३१–१९१६) यांनी १८७१ मध्ये तिला निश्चित रूप दिले. एका संख्येऐवजी तिच्या सर्व पटींच्या संचाचा विचार करावा, आणि बेरजेला व वलयातील कोणत्याही घटकाने केलेल्या गुणाकाराला बंदिस्त असलेल्या प्रत्येक संचाला ‘आदर्श’ म्हणावे, अशी त्यांची योजना होती. संख्या सिद्धांतात येणाऱ्या या वलयांत प्रत्येक शून्येतर आदर्श हा अविभाज्य आदर्शांच्या गुणाकाराच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येतो, असे त्यांनी सिद्ध केले. दोन घटकांचा गुणाकार आदर्शात असेल, तर त्यांपैकी निदान एक घटक त्यात असलाच पाहिजे, असा गुणधर्म असलेल्या व संपूर्ण वलयाहून लहान असलेल्या आदर्शाला अविभाज्य आदर्श म्हणतात.

बहुपदींच्या वलयांत मात्र डेडेकिंट यांचा उपाय पुरेसा पडत नाही. क्ष आणि य या दोन चलांच्या बहुपदींमध्ये क्ष व य² यांनी जनित होणारा आदर्श घेतल्यास, त्याला सामावणारा एकच अविभाज्य आदर्श आहे व तो म्हणजे क्ष आणि य यांनी जनित होणारा आदर्श होय. पण दिलेला आदर्श त्या अविभाज्य आदर्शापेक्षा लहान आणि त्याच्या वर्गापेक्षा मोठा आहे. त्यामुळे तो अविभाज्य आदर्शाचा कोणताच घात असू शकत नाही. येथे दोन गोष्टी बदलाव्या लागतात : गुणाकाराऐवजी छेद घ्यावा लागतो आणि अविभाज्य घाताऐवजी ‘प्राथमिक’ ही अधिक सैल संकल्पना स्वीकारावी लागते.

हे पाऊल प्रथम इमॅन्युएल लास्कर (१८६८–१९४१) यांनी टाकले. बुद्धिबळाचे जगज्जेते म्हणून १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षे त्यांची ख्याती होती. बहुपदींच्या वलयातील प्रत्येक आदर्श हा सांत संख्येच्या प्राथमिक आदर्शांचा छेद असतो, हे त्यांनी १९०५ मध्ये सिद्ध केले. फ्रान्सिस मकॉली (१८६२–१९३७) यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा आदर्शांचा सखोल अभ्यास केला. लास्कर यांची सिद्धता बहुपदींच्या विशिष्ट गुणधर्मांवर व लांबलचक आकडेमोडीवर आधारलेली होती. एमी नोएटर (१८८२–१९३५) यांनी १९२१ मधील आपल्या निबंधात असे दाखवून दिले, की या प्रमेयाला बहुपदींची आवश्यकताच नाही. एक साधी साखळीची अट तेवढी पुरेशी आहे. या निबंधापासून आधुनिक अमूर्त बीजगणिताच्या एका महत्त्वाच्या प्रवाहाला आरंभ झाला असे मानले जाते. प्रस्तुत प्रमेय ‘लास्कर-नोएटर प्रमेय’ या नावाने ओळखले जाते.

मॉड्यूल व प्राथमिक उपमॉड्यूल : सदिश अवकाशात सदिशांना क्षेत्रातील संख्यांनी गुणता येते. क्षेत्राच्या जागी वलय घेतले व बाकीचे नियम तेच ठेवले, म्हणजे मॉड्यूलाची व्याख्या मिळते. प्रत्येक क्रमनिरपेक्ष गट हा पूर्णांकांच्या वलयावरील मॉड्यूल असतो, तसेच वलयातील प्रत्येक आदर्श हाही त्या वलयावरील मॉड्यूल असतो. मॉड्यूलाच्या ज्या उपसंचात बेरीज व वलयातील घटकांनी केलेला गुणाकार या क्रिया बंदिस्त राहतात, तो उपमॉड्यूल होय. आदर्शांविषयीचे सिद्धांत मॉड्यूलांसाठी मांडल्यास त्यांची व्याप्ती तर वाढतेच, शिवाय सिद्धताही अनेकदा अधिक स्वच्छ होतात.

व हे वलय, म हा त्यावरील मॉड्यूल आणि प्र हा म पेक्षा लहान असा उपमॉड्यूल आहे असे समजू. वलयातील अ हा घटक व मॉड्यूलातील ल हा घटक यांचा गुणाकार अल हा प्र मध्ये असून ल स्वतः प्र मध्ये नसेल, तर अ च्या कोणत्या तरी घाताने गुणले असता संपूर्ण म हा प्र मध्ये जातो, असे नेहमीच घडत असल्यास प्र ला प्राथमिक उपमॉड्यूल म्हणतात. ज्या घटकांचा एखादा घात म ला प्र मध्ये नेतो, अशा सर्व घटकांचा मिळून एक अविभाज्य आदर्श बनतो. तो प असल्यास प्र हा प-प्राथमिक आहे असे म्हणतात. पूर्णांकांच्या वलयात ८ च्या सर्व पटींचा आदर्श हा २ या अविभाज्य संख्येशी निगडित असा प्राथमिक आदर्श आहे. १२ च्या पटींचा आदर्श मात्र प्राथमिक नाही. कारण ३ × ४ हा गुणाकार त्यात असून ४ त्यात नाही आणि ३ चा कोणताही घात १२ ची पट होत नाही.

संवत्सरचक्राचे उदाहरण : महाराष्ट्रातील पंचांगांत शालिवाहन शकाच्या प्रत्येक वर्षाला प्रभव, विभव इ. साठ संवत्सरनामांपैकी एक नाव असते व साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येते. शकाच्या अंकात १२ मिळवून ६० ने भागले असता जी बाकी राहते, ती त्या संवत्सराचा अनुक्रमांक देते (बाकी शून्य असल्यास साठावा संवत्सर). उदा., शक १९४६ साठी १९५८ ला ६० ने भागून ३८ ही बाकी उरते व अडतिसावा संवत्सर ‘क्रोधी’ हा होय. साठ बाक्यांचा हा संच पूर्णांकांच्या वलयावरील एक मॉड्यूल आहे. त्यातील ४ च्या पटी, ३ च्या पटी आणि ५ च्या पटी हे तीन उपमॉड्यूल अनुक्रमे २, ३ व ५ या अविभाज्य संख्यांशी निगडित असे प्राथमिक उपमॉड्यूल आहेत आणि त्यांच्या छेदात फक्त शून्य उरते. हेच शून्य उपमॉड्यूलाचे प्राथमिक विघटन होय.

या विघटनाचा व्यावहारिक अर्थ असा, की ३, ४ व ५ यांनी भागून येणाऱ्या तीन बाक्या माहीत असल्या, तर साठाच्या चक्रातील स्थान पूर्णपणे निश्चित होते. त्या तीन बाक्यांना अनुक्रमे ४०, ४५ व ३६ यांनी गुणून बेरीज करावी आणि तिला ६० ने भागावे. ३८ च्या बाक्या २, २ व ३ आहेत. त्यांवरून ८० + ९० + १०८ = २७८ ही बेरीज मिळते व तिला ६० ने भागल्यावर पुन्हा ३८ हीच बाकी येते. भारतीय गणितातील कुट्टक पद्धतीने सोडविले जाणारे अनेक प्रश्न याच जातीचे आहेत.

अस्तित्वाची सिद्धता : ज्या मॉड्यूलात उपमॉड्यूलांची प्रत्येक वर्धिष्णू साखळी सांत पायऱ्यांनंतर स्थिर होते, म्हणजे एकाहून एक मोठ्या उपमॉड्यूलांची अनंत मालिका असू शकत नाही, त्याला नोएटरीय मॉड्यूल म्हणतात. क्षेत्रावरील सांत संख्येच्या चलांतील बहुपदींचे वलय या अटीची पूर्तता करते, हे डाव्हीट हिल्बर्ट (१८६२–१९४३) यांच्या १८९० मधील प्रमेयावरून निष्पन्न होते. नोएटरीय मॉड्यूलाच्या स्वतःहून लहान अशा प्रत्येक उपमॉड्यूलाला प्राथमिक विघटन असते. याची सिद्धता दोन टप्प्यांत होते.

जो उपमॉड्यूल त्याच्याहून मोठ्या अशा दोन उपमॉड्यूलांचा छेद म्हणून मांडता येत नाही, त्याला अछेद्य म्हणू. एखादा उपमॉड्यूल सांत संख्येच्या अछेद्य उपमॉड्यूलांचा छेद नसेल, तर तो स्वतः अछेद्य नसतो. म्हणून तो दोन मोठ्या उपमॉड्यूलांचा छेद असतो व त्यांपैकी निदान एकात तोच दोष असला पाहिजे. हा युक्तिवाद पुनःपुन्हा केल्यास अनंत वर्धिष्णू साखळी मिळते व ती साखळीच्या अटीशी विसंगत आहे. हा पहिला टप्पा झाला.

दुसऱ्या टप्प्यात अछेद्य उपमॉड्यूल प्राथमिक असतो हे दाखवावयाचे असते. उ हा अछेद्य उपमॉड्यूल असून अल हा उ मध्ये आहे, पण ल त्यात नाही असे समजू. अ च्या न-व्या घाताने गुणल्यावर उ मध्ये जाणाऱ्या घटकांचा उपमॉड्यूल न वाढेल तसा वाढत जातो, परंतु साखळीच्या अटीमुळे कोणत्या तरी न पासून तो स्थिर होतो. या न साठी दोन उपमॉड्यूल घ्यावेत : उ मध्ये ल मिळवून जनित होणारा पहिला व उ मध्ये अ च्या न-व्या घाताने गुणलेला संपूर्ण म मिळवून बनणारा दुसरा. दोहोंत असलेल्या कोणत्याही घटकाला अ ने गुणल्यास, तो पहिल्यात असल्यामुळे गुणाकार उ मध्ये जातो. तो दुसऱ्यातही असल्यामुळे, उ मधील घटक वगळता, तो अ च्या न-व्या घाताने गुणलेला म मधील एखादा घटक असतो. अर्थात म मधील तो घटक अ च्या (न + १)-व्या घाताने गुणल्यास उ मध्ये जातो व स्थिरतेमुळे न-व्या घातानेच उ मध्ये जातो. म्हणजे मूळ घटक उ मधीलच ठरतो. दोहोंचा छेद अशा प्रकारे उ हाच आहे. पहिला उपमॉड्यूल उ पेक्षा मोठा असल्याने व उ अछेद्य असल्याने दुसरा उपमॉड्यूल उ एवढाच असला पाहिजे. म्हणून अ चा न-वा घात संपूर्ण म ला उ मध्ये नेतो, म्हणजेच उ प्राथमिक आहे.

एकमेवता आणि तिच्या मर्यादा : एकाच अविभाज्य आदर्शाशी निगडित असलेल्या प्राथमिक उपमॉड्यूलांचा छेद पुन्हा त्याच प्रकारचा प्राथमिक असतो, म्हणून त्यांचे एकत्रीकरण करता येते. अनावश्यक घटक गाळल्यावर जे विघटन उरते, त्याला लघुतम विघटन म्हणतात. डेडेकिंट यांच्या सिद्धांतात प्राप्त झालेली एकमेवता येथे कितपत टिकते, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दोन भागांत मिळते.

पहिले एकमेवता प्रमेय असे, की लघुतम विघटन कोणत्याही रीतीने केले तरी त्यात येणारे अविभाज्य आदर्श तेच असतात. त्यांना संलग्न अविभाज्य आदर्श म्हणतात. दिलेल्या उपमॉड्यूलाबाहेरील एखादा घटक घेऊन, त्याला ज्यांनी गुणले असता गुणाकार उपमॉड्यूलात जातो अशा वलयघटकांचा आदर्श विचारात घ्यावा. असा जो जो आदर्श अविभाज्य असतो तो संलग्न असतो व सर्व संलग्न आदर्श याच रीतीने मिळतात. विघटनाचा उल्लेख न करता दिलेल्या या वर्णनामुळेच त्यांची एकमेवता स्पष्ट होते.

दुसऱ्या प्रमेयानुसार, ज्या संलग्न आदर्शात दुसरा संलग्न आदर्श सामावलेला नाही, त्याच्याशी निगडित असलेला प्राथमिक घटकही एकमेव असतो. बाकीच्या आदर्शांना अंतःस्थापित म्हणतात व त्यांच्या प्राथमिक घटकांना ही एकमेवता नसते. याचे सुपरिचित उदाहरण म्हणजे क्ष² व क्षय यांनी जनित होणारा आदर्श. तो ‘क्ष ने जनित’ व ‘क्ष² आणि य यांनी जनित’ अशा दोन आदर्शांचा छेद आहे. परंतु दुसऱ्याच्या जागी ‘क्ष² आणि य + कक्ष यांनी जनित’ हा आदर्श घेतला, तरी क या स्थिरांकाच्या कोणत्याही मूल्यासाठी छेद तोच राहतो. म्हणून क्षेत्र अनंत असल्यास एकाच आदर्शाची अनंत लघुतम विघटने मिळतात.

हीच गोष्ट गटांतही दिसते. पूर्णांकांचा गट व ४ ने भागून येणाऱ्या बाक्यांचा गट यांच्या जोड्यांचा मॉड्यूल घेतल्यास, ज्या घटकांना शून्येतर पूर्णांकाने गुणून शून्य मिळते, त्यांचा उपमॉड्यूल निःसंदिग्धपणे ठरतो. शून्य उपमॉड्यूलाच्या विघटनातील दुसरा प्राथमिक घटक मात्र (१, ० ) या जोडीने जनित होणारा घेतला काय किंवा (१, १) या जोडीने जनित होणारा घेतला काय, दोन्ही सारखेच योग्य ठरतात.

भूमितीय अर्थ : प्रतलातील क्षय = ० या समीकरणाने दोन अक्ष मिळून बनणारी आकृती दर्शविली जाते. क्षय ने जनित होणारा आदर्श क्ष व य यांनी स्वतंत्रपणे जनित होणाऱ्या दोन अविभाज्य आदर्शांचा छेद आहे. आकृती आपल्या अविभाज्य भागांत विभागली जाणे आणि आदर्शाचे विघटन होणे, या एकाच घटनेच्या दोन बाजू होत. क्ष² व क्षय ही दोन्ही पदे शून्य होतात ते बिंदू पाहिल्यास फक्त य-अक्ष मिळतो. तथापि आदर्श त्याहून अधिक माहिती राखून ठेवतो : आरंभबिंदूपाशी य-अक्षाला एक अतिसूक्ष्म जाडी प्राप्त झालेली असते. नुसत्या बिंदूंच्या संचात न दिसणारी ही जाडी म्हणजेच अंतःस्थापित घटक होय. दोन वक्र एकमेकांना नुसते छेदतात की स्पर्श करतात, यांसारखा भेद अशा माहितीशिवाय करता येत नाही. त्यामुळे अंतःस्थापित घटक एकमेव नसला, तरी त्याच्या अस्तित्वाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

रेषीय बीजगणितातही या प्रमेयाचा उपयोग होतो. सांत परिमाणाच्या सदिश अवकाशावरील रेषीय रूपांतरण दिले असता तो अवकाश एका चलाच्या बहुपदींच्या वलयावरील मॉड्यूल बनतो. चलाने गुणणे म्हणजे रूपांतरण करणे. त्याच्या प्राथमिक विघटनावरून अवकाशाचे, रूपांतरणाच्या लघुतम बहुपदीच्या अवयवांनुसार, स्वतंत्र भाग पडतात व त्यांवरून आव्यूहाचे झॉर्दां रूप मिळविता येते.

मर्यादा व नंतरचा विकास : साखळीची अट नसल्यास प्रमेय खरे ठरेलच असे नाही. शून्य ते एक या अंतरालावरील संतत वास्तव फलनांच्या वलयात शून्य आदर्शाला प्राथमिक विघटन नसते. अवरोही साखळीची अट पाळणाऱ्या मॉड्यूलांसाठी छेदाऐवजी बेरजेच्या रूपातील समांतर सिद्धांत इयन मॅकडॉनल्ड यांनी १९७३ मध्ये मांडला. नोएटरीय वलयातील आदर्शाचे उत्तरोत्तर घात घेतल्यास त्यांच्या संलग्न अविभाज्य आदर्शांचा संच काही घातानंतर बदलत नाही, हे एम्. ब्रोडमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले.

वर दिलेली सिद्धता विघटन असते एवढेच सांगते. ते शोधावे कसे, हे सांगत नाही. नोएटर यांच्या विद्यार्थिनी ग्रेट हर्मान (१९०१–८४) यांनी १९२६ मध्ये बहुपदींच्या आदर्शांसाठी सांत पायऱ्यांची रीत दिली; परंतु तिच्यातील आकडेमोड हाताने करणे जवळजवळ अशक्य होते. ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ग्रोब्नर आधारांच्या पद्धतीमुळे संगणकाचा मार्ग मोकळा झाला. पी. जियानी, बी. ट्रेगर व जी. झकारिआस यांनी १९८८ मध्ये तिच्यावर आधारित अशी व्यवहार्य रीत प्रसिद्ध केली. ‘सिंग्युलर’ आणि मकॉली यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘मकॉले २’ या संगणकप्रणालींत अशी विघटने करण्याची सोय आहे.

महाराष्ट्रातील कार्य : या विषयाच्या परिसरातील संशोधनाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मुंबई येथील गणित विभागात मॉड्यूलांच्या रचनेविषयी महत्त्वाचे कार्य झाले. बहुपदींच्या वलयावरील सांत जनित प्रक्षेपी मॉड्यूल मुक्त असतात काय, या झां-प्येर सेर यांनी १९५५ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नाचे दोन चलांपुरते होकारार्थी उत्तर सी. एस्. शेषाद्री (१९३२–२०२०) यांनी १९५८ मध्ये तेथे असतानाच दिले. संपूर्ण उत्तर १९७६ मध्ये डॅन्येल क्विलन व आंद्रेई सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. क्रमनिरपेक्ष बीजगणितातील समजातीय पद्धतींवर एस्. राघवन, बलवंत सिंग व आर्. श्रीधरन यांनी लिहिलेली पुस्तिका याच संस्थेने १९७५ मध्ये प्रकाशित केली. पुणे विद्यापीठातील एन्. एस्. गोपालकृष्णन यांचे क्रमनिरपेक्ष बीजगणितावरील पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी भाषिक गणितज्ञांपैकी श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०–२०१२) यांचे कार्य या विषयाशी निकटचे आहे. उज्जैन येथे जन्मलेल्या अभ्यंकरांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेतून पदवी घेतली व हार्व्हर्ड विद्यापीठात ऑस्कर झारिस्की (१८९९–१९८६) यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. बैजिक पृष्ठांवरील विचित्र बिंदूंचे निराकरण अविभाज्य लक्षणांकाच्या क्षेत्रांवरही करता येते, हे त्यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. ज्या बिंदूपाशी आकृती नीट वागत नाही त्या बिंदूचे स्वरूप तेथील स्थानिक वलयातील आदर्शांवरून वाचणे, ही त्यांच्या पद्धतीतील मूलभूत गोष्ट होय. गणितातील अध्यापन व संशोधनासाठी त्यांनी १९७६ मध्ये पुणे येथे भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था स्थापन केली.

अवयवांची एकमेवता ढासळल्यावर तिच्यातील नेमके काय वाचविता येते, या प्रश्नातून प्राथमिक विघटनाचा सिद्धांत उदयास आला. संलग्न अविभाज्य आदर्श आणि लघुतम आदर्शांचे प्राथमिक घटक एवढे निश्चितपणे वाचतात. अंतःस्थापित घटकांबाबत मात्र निवडीला वाव राहतो. निश्चित व अनिश्चित यांच्यातील ही सीमारेषा अचूकपणे आखणे, हेच या प्रमेयाचे खरे महत्त्व होय.